पिवळं टोपण

"कोणती बॅटरी घेऊ?" हा प्रश्न मी आयुष्यात जितक्यांदा ऐकला, तितक्यांदा "कसे आहात?" हा ऐकलेला नाही. दुकान आता पुतण्या बघतो आणि मी पुंडलिकनगरातल्या घरी गॅलरीत पुस्तक घेऊन बसतो, तरी प्रश्न काही पाठ सोडत नाही. समोरच्या इमारतीत खिडक्या बसवणारा पोरगा परवा दोरीवर लोंबकळत असतानाच मला बघून ओरडला, "काका, चारची घेऊ का पाचची?" मी म्हणालो, "आधी खाली ये."

आमचं दुकान पैठण गेटच्या आतल्या बाजूला. वडिलांनी ते सुरू केलं तेव्हा त्यात रंधे, पटाशा, करवती, गिरमिटं असा माल होता. पाटीवर त्यांनी 'सुतारी व लोहारी हत्यारे' एवढंच लिहून घेतलं, गावाचं नाव घातलंच नाही. पुढे गावाचं नाव बदललं तेव्हा बाजारातल्या सगळ्या पाट्यांना नवा रंग द्यावा लागला आणि आमची पाटी जशीच्या तशी राहिली. ही वडिलांची दूरदृष्टी, असं मी लोकांना सांगत आलो आहे. खरं म्हणजे पेंटर अक्षरावर दर लावायचा.

वडील विकत ते हत्यार माणूस जन्मात एकदा घेई. मी विकू लागलो ती बॅटरीवर चालणारी मशीन वेगळ्या जातकुळीची. तिला जीव दोन. एक मोटरचा, तो चिवट. दुसरा बॅटरीचा, तो काही दिवाळ्यांत थकतो. मग माणूस धडधाकट मशीन आणि थकलेली बॅटरी घेऊन दुकानात येतो, आणि आमचं शास्त्र सुरू होतं.

ते शास्त्र फार मोठं नाही. व्होल्ट म्हणजे जोर, आणि एएच म्हणजे दम. जोर मशिनीनं ठरवलेला असतो, तिथं आपली हुशारी चालवायची नाही. अठराच्या मशिनीला अठराचीच बॅटरी. काही कंपन्या तिच्यावर वीस लिहितात. तेही खोटं नसतं, कारण पूर्ण भरल्यावर थोडा वेळ ती वीस असतेच. काही माणसं जेवण झाल्या झाल्या थोडा वेळ उदार असतात तशी. दम मात्र आपण निवडायचा. ज्याला दिवसभर जमिनीवर उभं राहून भोकं पाडायची आहेत त्यानं मोठ्या दमाची घ्यावी. ज्याला शिडीवर चढून डोक्यावर हात करून छताला स्क्रू मारायचे आहेत त्यानं छोटी घ्यावी, कारण दम वाढला की वजन वाढतं. हे एवढं साधं सांगूनही लोक मोठीच मागतात.

एकदा एका कौशल्य केंद्राचं उद्घाटन होतं. फीत कापणं जुनं झालं म्हणून साहेबांच्या हस्ते फळीत स्क्रू मारायचा, अशी कल्पना निघाली. कार्यकर्ता दुकानात येऊन म्हणाला, "साहेबांच्या हातात भारदस्त दिसली पाहिजे." मी हलकी बॅटरी सुचवली, ती त्याला साहेबांचा अपमान वाटली. दुकानातली सगळ्यात जाडजूड बॅटरी तो घेऊन गेला. कार्यक्रमाला मी गेलो होतो. साहेबांनी एका हातात मशीन धरली, दुसऱ्या हातानं लोकांचे नमस्कार घेतले, बॅटरीच्या वजनानं मनगट वाकलं, आणि मशिनीच्या टोकाच्या फिरत्या बिटानं शेजारच्या प्रमुख पाहुण्यांच्या अंगावरची शाल सावकाश गुंडाळून घेतली. टाळ्या भरपूर झाल्या. कार्यक्रमाचा तोच भाग आहे असं लोकांना वाटलं.

तिसरी गोष्ट म्हणजे बॅटरीचं तोंड. मशिनीत सरकते ती बाजू. तिथं खाचा असतात आणि खाचांत पितळी पट्ट्या. दोन जाड पट्ट्यांतून वीज येते-जाते. मधे एक बारीक पट्टी असते, तिच्यातून बॅटरी आपलं अंग किती तापलंय ते चार्जरला कळवते. निरोप पोचला नाही, तर चार्जर तिला भरायचं नाकारतो आणि लाल-हिरवा दिवा मिचकावत राहतो. माणसाला वाटतं बॅटरी मेली. ती जिवंत असते, फक्त तिचं बोलणं ऐकू जात नसतं. ही बारीक पट्टी लक्षात ठेवावी, पुढे तिचं काम आहे.

आणि शेवटचा प्रश्न, कंपनीची घ्यायची की बाहेरची? यावर मी कधीच सरसकट उत्तर दिलं नाही. बाहेरच्या बॅटऱ्यांत सज्जन असतात आणि चोरही. 'डबल पॉवर' असं सोनेरी अक्षरांत लिहिलेली एक बॅटरी एक गिऱ्हाईक घेऊन आलं होतं. वजन अगदी बरोबर, पण दम अर्धा तास. मी ती उघडली. निम्म्या जागेत सेल होते आणि निम्म्या जागेत प्लास्टर ऑफ पॅरिस ओतलेलं. गिऱ्हाईक स्वतः छताचं पीओपी करणारा. त्यानं नखानं ते खरवडून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, "माल मात्र चांगला वापरलाय."

धंद्याचं एक दुःख आहे, ते इथंच सांगून टाकतो. कंपनी दर थोड्या वर्षांनी बॅटरीचं तोंड बदलते. मग जुनी मशीन, मोटर खणखणीत असलेली, केवळ त्या तोंडाची बॅटरी मिळत नाही म्हणून भंगारात जाते. वडिलांच्या हातचा रंधा अजून कुणाकुणाच्या घरात लाकूड सोलतो आहे. मी विकलेलं काय उरेल, याचा विचार मी दुपारी करत नाही. झोप येत नाही.

आता हंगामाकडे वळतो. लोकांना वाटतं आमचा हंगाम दिवाळीचा. आमचा हंगाम खंडेनवमीनंतरचा आठवडा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं धुऊन-पुसून मांडतात, हळदकुंकू लावतात, झेंडूची फुलं वाहतात, नारळ फोडतात. वडिलांच्या काळात याचा कुणाला त्रास नव्हता. रंध्याला कुंकू लावलं तर रंध्याचं काही बिघडत नाही. बॅटरीची गोष्ट वेगळी. मशिनीच्या अंगावर लावलं तर ठीक, पण काही भाविक शक्ती कुठून येते याचा विचार करतात आणि ओलं कुंकू थेट बॅटरीच्या तोंडात लावतात. वाळल्यावर ते त्या बारीक पट्टीवर पापुद्र्यासारखं बसतं. दसरा झाला की मंडळी कामावर जातात, चार्जर डोळे मिचकावतो, आणि सगळे आमच्या दुकानात. "काका, बॅटरी गेली. नवी द्या."

मी काउंटरखालून जुना टूथब्रश आणि कॉन्टॅक्ट साफ करायचा स्प्रे काढायचो. दोन मिनिटांचं काम. पुतण्याचं म्हणणं असं, की या टूथब्रशनं दुकानाचं जेवढं नुकसान केलं तेवढं ऑनलाइनवाल्यांनीही केलं नाही.

यावर उपायही कंपनीनं दिलेला असतो. प्रत्येक नव्या बॅटरीच्या तोंडाला प्लास्टिकचं पिवळं टोपण येतं. ते लावून ठेवलं की धूळ नाही, पाणी नाही, कुंकू नाही. ते टोपण लोक आमच्या दुकानाची पायरी उतरायच्या आत फेकून देतात. मी ती वेचून एका बिस्किटांच्या डब्यात साठवली होती. नवमीच्या आधी डबा काउंटरवर मांडून ठेवायचो. फुकट असल्यामुळे कुणी नेत नसे.

माझ्या गिऱ्हाइकांत रफीकभाई आणि एकनाथ ही जोडी होती. रफीकभाई खुलताबादचे, वयानं मोठे, घराण्यातच सुतारकाम. त्यांच्या मेहुण्याचं तिथं दर्ग्यासमोर फुलांचं आणि गुलाबपाण्याचं दुकान. एकनाथ दौलताबादचा, घरी पेरू-सीताफळाची बाग, ती भावावर टाकून हा फर्निचरच्या कामात आला. दोघं मिळून स्वयंपाकघरातली कपाटं, ट्रॉल्या बसवत. रफीकभाई माप घेत आणि कापत, एकनाथ बसवत आणि घरमालकिणीशी बोलत. सकाळी रफीकभाई खुलताबादहून मोटारसायकलवर निघत, वाटेत किल्ल्याखाली एकनाथला घेत, आणि हत्यारांची पेटी दोघांच्या मधे ठेवून शहरात येत. एकनाथ त्यांना 'मिस्त्री' म्हणे. मशिनी, बॅटऱ्या, चार्जर सगळं सामाईक. यातली कोणती वस्तू कुणाची, असा प्रश्न बरीच वर्षं कुणी विचारला नव्हता.

त्यांच्या दोन जुन्या बॅटऱ्या एकदम थकल्या तेव्हा माझ्या काउंटरवर जुंपली होती.

"सेठ, कंपनी की दो," रफीकभाई म्हणाले. "नै तो काम बंद रखेंगे, बाजरी बोएंगे."

"मिस्त्री, तिच्या एकीच्या पैशात बाहेरच्या दोन येत्यात," एकनाथ म्हणाला. "आत सेल तेच. वरचं नाव काय चाटायचंय?"

"नाम नै चाटते. नाम कू पकडते. बंद पडी तो किसकू पकडना? तेरेकू?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी एक बाहेरची बॅटरी उघडून आधीच तपासली होती. सेल चांगले होते, जोडाचे टाके स्वच्छ होते, प्लास्टर नव्हतं. मी म्हणालो, एक कंपनीची घ्या, एक ही घ्या. दोघांचं राहील. रफीकभाईंनी बाहेरची बॅटरी हातात तोलली आणि म्हणाले, "जुबान तुम्हारी, सेठ." पुढे वर्षाहून जास्त दोन्ही बॅटऱ्या बिनतक्रार चालल्या. मी मनातून खूश होतो. न्यायाधीशालाही आपल्या निकालावर अपील झालं नाही की असंच वाटत असावं.

खंडेनवमीला त्यांचा एक रिवाज होता. जिथं काम चालू असेल तिथंच एकनाथ हत्यारं मांडून पूजा करायचा, भिंतीकडे तोंड, सगळ्यांकडे पाठ. तेवढ्या वेळात रफीकभाई समोरच्या टपरीवर चहाला जात. नारळ फुटल्याचा आवाज आला की परत येत आणि खोबरं खात. यावर दोघांत कधी बोलणं झालेलं नव्हतं. ते तसं होतं, इतकंच.

त्या वर्षी नवमीच्या तोंडावर एकनाथचा चुलता वारला. एकनाथ दहाव्यापर्यंत घरीच राहिला. हत्यारांची पेटी खुलताबादला रफीकभाईंच्या शेडमधे. दहावा उरकून एकनाथ कामावर आला तेव्हा दसरा होऊन गेला होता आणि काम अडलेलं होतं आमच्याच गल्लीत, एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी. दिवाळीआधी ओटा-कपाटं तयार हवी होती. मुलगी-जावई यायचे होते.

त्या सकाळी काय झालं ते मला बाईंनीच सांगितलं. दोन्ही बॅटऱ्या उतरलेल्या होत्या म्हणून चार्जरला लावल्या. चार्जरनं दोन्ही नाकारल्या. मग स्वयंपाकघरात सभा भरली. रफीकभाईंचं म्हणणं, एकनाथच्या सस्त्या बॅटरीनं चार्जर खाल्ला आणि आता तो चार्जर चांगल्या बॅटरीलाही घेत नाही. एकनाथचं म्हणणं, मी दहा दिवस घरी होतो, तुम्ही बॅटऱ्या पत्र्याच्या शेडमधे उन्हात भाजून काढल्या. दोन्ही म्हणणी तशी शक्यकोटीतली होती, त्यामुळे भांडण लांबलं. कुणाला जपणं जमत नाही इथून सुरू होऊन ते कुणाला पैशापुढे काही दिसत नाही इथपर्यंत गेलं. शेवटी रफीकभाई म्हणाले, "बटवारा कर." आणि त्यांनी खरोखरच बाईंच्या फरशीवर हत्यारं वाटून घेतली. एक मशीन याला, एक त्याला. कंपनीची बॅटरी रफीकभाईंनी घेतली, बाहेरची एकनाथनं. चार्जर एकच. तो कुणी कुणाला देईना, म्हणून दोघंही तो ओट्यावर तसाच सोडून निघून गेले.

"हा तुमच्या दुकानातला ना?" बाई चार्जर माझ्या हातात देत म्हणाल्या. "घेऊन जा. वर्गातल्या द्वाड मुलासारखा डोळे मिचकावत बसलाय. आणि त्या दोघांना सांगा, भांडायचं तर ट्रॉल्या बसवून भांडा."

मी दुकानात येऊन त्या चार्जरवर आमची एक बॅटरी लावली. निमूट भरायला लागली. म्हणजे चार्जर कुणी खाल्लेला नव्हता.

थोड्या वेळात रफीकभाई आले. बसले नाहीत. "सेठ, मेरेकू अलग चार्जर दो, और कंपनी की एक बॅटरी. ये भी गई." त्यांनी आपली बॅटरी काउंटरवर ठेवली. "आपने बोला इसलिए लिया था वो डुप्लिकेट. अब देखो."

जुबान माझी होती, त्यामुळे मला ते लागलं. "ही माझ्याकडे राहू द्या," मी म्हणालो. "परवा सकाळी या. नवी घ्यायची तर तेव्हा घ्या."

"अब क्या देखना उसमें?"

"मेलेल्यालाही डॉक्टर एकदा बघतो, रफीकभाई."

ते गेल्यावर मी मीटर लावला. सेल ठणठणीत. शेडमधे भाजल्याचं काही लक्षण नाही. मग तोंडात डोकावलो आणि मला हसू आलं. खाचांत लाल. नेहमीचंच, नवमीचं. टूथब्रश काढायला वाकलो आणि तिथंच थांबलो. एकनाथच्या घरी तर सुतक होतं.

दुसऱ्या दिवशी एकनाथ आला. मोटारसायकल नव्हती म्हणून एसटीनं, पिशवीत वाट्याची मशीन आणि बॅटरी घेऊन. चेहरा उतरलेला. "काका, आमचं आता वायलं झालं. मला एक चार्जर लागंल. अन् ही बॅटरी बघा, मिस्त्रीनं हिचं वाळवण घातलं उन्हात."

"एकनाथ, नवमीला पूजा केली होती का रे?"

"सुतकात?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "काय बोलता काका? आईनं देवघराला सुदिक पडदा लावलाय. मी मिस्त्रीला फोनवर सांगितलं पण व्हतं, यंदा हत्यारायला काय करायचं नाय म्हणून."

"बरं. ही ठेवून जा. उद्या सकाळी ये."

तो गेल्यावर दोन्ही बॅटऱ्या उजेडात शेजारी शेजारी ठेवल्या. दोघींच्या तोंडात सारखंच कुंकू. माझ्या दुकानात इतकी वर्षं कुंकू आलं, पण ते करंगळीशेजारच्या बोटानं ओढलेलं, हलकं. हे अंगठ्यानं दाबून भरलेलं होतं, पोराला घास भरवावा तसं. एका खाचेत फुलाची पाकळी अडकून वाळली होती. चिमट्यानं काढली. ती झेंडूची नव्हती, गुलाबाची होती. बॅटरी नाकाजवळ नेली. चाळीस प्रकारच्या ग्रीसच्या वासात बसलेल्या माझ्या नाकालाही कळलं, की हे कुंकू साध्या पाण्यात कालवलेलं नाही.

टूथब्रश मी काढलाच नाही.

खरं तर दोन्ही बॅटऱ्या तेव्हाच घासून टाकता आल्या असत्या. पण मग ते दोघं वेगवेगळे आले असते आणि चालू बॅटऱ्या घेऊन वेगवेगळे गेले असते. दोन भागीदार वेगळे झाले तर हत्यारांच्या दुकानदाराचा फायदाच असतो. एका चार्जरच्या जागी दोन खपतात. तो फायदा मला नको होता. दुसरीकडे, रफीकभाईंनी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. ती त्यांची होती, ती फोडायचा हक्क माझा नव्हता. तेव्हा मी एवढंच ठरवलं, की बॅटऱ्या दोघांसमोर साफ करायच्या आणि आपण गप्प राहायचं. गप्प राहणं मला जड जातं, पण जमतं.

सकाळी रफीकभाई आधी आले. एकनाथ पायरीवर दिसला तसे ते उठायला लागले. मी चहा सांगून टाकला. चहा सांगितल्यावर आमच्याकडे माणूस उठत नाही. एकनाथ काउंटरच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिला. दोघंही माझ्याकडे पाहत होते, एकमेकांकडे नाही.

मी बॅटरी घेतली, स्प्रे मारला, टूथब्रशनं खाच घासली आणि ब्रश पांढऱ्या फडक्यावर पुसला. फडकं लाल झालं.

एकनाथ पुढं वाकला. "कुंकू हाय का हे?"

"मला काय माहीत? गंजही लाल असतो."

"गंजाला गुलाबाचा वास येतो व्हय, काका?"

रफीकभाई भिंतीजवळ जाऊन बिजागरीचं पाकीट वाचत होते. पाकीट उलटं होतं.

"मिस्त्री," एकनाथ म्हणाला.

"क्या है?"

"इकडं बघा की जरा."

रफीकभाई वळले. त्यांनी फडक्याकडे पाहिलं, बॅटरीकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या ब्रशकडे. बॅटऱ्या कशानं अडल्या ते त्यांनाही त्याच क्षणी कळत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

"उसके वजह से बंद पडी?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"दोनो?"

"दोन्ही."

"हौ. मैंने लगाया," ते एकनाथकडे बघून म्हणाले. "अब चढा दो फासी पे."

"तुमी?"

"तू बोला ना फोन पे, इस साल कुछ नै करना. हर साल होता. इस साल नै हुआ और कल कू एक स्क्रू भी टेढा गया, तो तू साल भर मेरे कान खाता, पूजा नै हुई, पूजा नै हुई. मैं बोला, सुतक इसकू है, मशीन कू थोडी है? कुंकू की पुडी तो पेटी में थीच."

"पण तोंडात कशाला भरलं हो?"

"मेरेकू क्या मालूम किधर लगाते! तू पीठ करके बैठता, मैं चाय कू जाता. मैं सोचा, ताकत जिधर से जाती उधरच लगाते होंगे."

"अन् गुलाबपाणी?"

"सादा पानी कुछ जम नै रहा था." रफीकभाई थोडे ओशाळले. "घर में वोच था."

एकनाथनं काउंटरवरचं फडकं जवळ ओढलं. मग म्हणाला, "नारळ?"

"फोडा ना मैंने."

"खाल्ला कुणी?"

"कौन खाएगा? तू सुतक में था."

एकनाथ हसला नाही. तो काउंटरवरचं फडकं बघत होता. "मी तुम्हाला त्या बाईंसमोर जपता येत नाय म्हणलो," तो म्हणाला.

"मैं भी बोला," रफीकभाई म्हणाले. "जास्ती बोला."

मी बॅटरी चार्जरवर सरकवली. दिवा एकदा लुकलुकला आणि मग स्थिर झाला. चहा आला. तिघांनी प्यायला. आमच्या शहरात एकोप्याच्या सभा अधूनमधून होतात. मी काहींना गेलो आहे, एकदा तर मंचावर बसलो आहे, नारळ आणि शाल मलाही मिळाली आहे. तिथली भाषणं चांगली असतात आणि ऐकून माणूस घरी जातो. तिथं मी बॅटरीच्या तोंडात अंगठ्यानं कुंकू भरणाऱ्या माणसाबद्दल कधी ऐकलं नाही. तो सभेला येत नाही. त्याला काम असतं.

बाईंच्या ट्रॉल्या वेळेत बसल्या. जावयांना आवडल्या की नाही ते कळलं नाही. बाईंना आवडल्या, आणि जावयांना विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

दिवाळीच्या दोन-चार दिवस आधी दोघं पुन्हा दुकानात आले. एकाच मोटारसायकलवर, पेटी मधे. कामं वाढली होती, तिसरी बॅटरी हवी होती. मी दोन्ही प्रकार काउंटरवर ठेवले.

"बाहरवाली दो, सेठ," रफीकभाई म्हणाले. "उसमें कुछ खराबी नै थी बेचारी में. मैंने फुकट बदनाम किया."

"नाय काका, कंपनीची द्या," एकनाथ म्हणाला. "मिस्त्री म्हणत होते तेच बरोबर. नाव असलं की कुणाला तरी धरता येतं."

"अरे, एक के पैसे में दो आते."

"आत काय भरलंय कुणाला ठाव? प्लास्टर निघालं तर?"

"सेठ ने खोल के देखा है!"

"तवाची बघितली. ही बघितली का?"

आवाज चढायला लागले तशी शेजारच्या दुकानातली गिऱ्हाइकं डोकावू लागली. दोघांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. एकदा निकाल देऊन झाला होता. त्याऐवजी मी काउंटरखालून बिस्किटांचा डबा काढला आणि झाकण उघडून पुढे सरकवला.

एकनाथनं डब्यात हात घालून दोन टोपणं निवडली, मापाची आहेत ना ते पेटीतल्या बॅटऱ्यांवर लावून बघितलं आणि पुन्हा काढून घेतली. मग ती त्यानं रफीकभाईंच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकली.

"हे तुमच्याकडं ठेवा, मिस्त्री. पुढच्या नवमीला आधी हे लावायचं, मग कुंकू. मी दाखवतो कुठं लावायचं ते. अन् त्या टायमाला चहाला जाऊ नका."

रफीकभाईंनी खिशावर हात ठेवून टोपणं चाचपली.

"चाय इधरच मंगाएंगे," ते म्हणाले.

बॅटरी मात्र त्या दिवशी ठरली नाही. दोघं भांडत भांडतच पायरी उतरले आणि पेटी मधे घेऊन मोटारसायकलवर बसले. मी काउंटरवरच्या दोन्ही बॅटऱ्या उचलून परत फळीवर ठेवल्या.